आगाऊ माणसांचा तालुका

राधानगरीच्या स्टँडवर उतरलेल्या परक्या माणसानं चेहऱ्यावर गोंधळ दिसू देऊ नये. दिसला की संपलं. तुम्ही नुसतं डावीकडं-उजवीकडं बघितलंत तरी पानपट्टीपाशी उभा असलेला, तुमच्याशी काडीचाही संबंध नसलेला माणूस विचारतो, "कुणाकडं आलायसा?" हा अर्जाचा पहिला रकाना. तो भरल्याशिवाय तुम्हाला पुढं सोडत नाहीत. तुम्ही पाहुण्यांचं आडनाव सांगता. "त्यातलं कुठलं? मास्तरांचं का सोसायटीतलं? का धरणाकडं ऱ्हात्यात ते?" तुमच्याकडं मोबाइलवर लोकेशन असतं, पण ते इथं कुणी बघत नाही. दोन मिनिटांत चार माणसं जमतात. तुमच्या पाहुण्यांच्या तीन पिढ्यांची छाननी होते, त्यांच्या धाकट्याचं लग्न कुठं जमता जमता मोडलं आणि त्यात चूक कुणाची होती हे तुम्हाला न विचारता कळतं. मग पाचवाच कुणीतरी मोटारसायकलला किक मारतो आणि म्हणतो, "बसा मागं." तो तुम्हाला थेट दारात सोडतो आणि तुमच्या पाठोपाठ स्वतःही आत येतो. एवढं केल्यावर चहा न घेता जाणं त्याच्या दृष्टीनं उद्धटपणाचं असतं.

हे तालुक्याचं ठिकाण आहे. तहसील आहे, कोर्ट आहे, एसटीचा डेपो आहे, त्यामुळं खेडं म्हटलं की राग येतो. शहर म्हणावं, तर कोल्हापूर पन्नासेक किलोमीटरवर बसून हसतं. तेव्हा नुसतं 'गाव' म्हणू आणि पुढं जाऊ. या गावाबद्दल माझं एकच म्हणणं आहे. इथं मदत हसतमुखानं येत नाही. ती कपाळाला आठ्या घालून, दोन शिव्या आणि पाच प्रश्न पुढं धाडून मग येते. गाडी पंक्चर झाली तर थांबणारा माणूस आधी विचारतो, "निघताना हवा बघाया काय झाल्तं?" तोवर त्यानं पाना हातात घेतलेला असतो. चाक निघेपर्यंत तुमच्या अकलेचा उद्धार चालतो आणि चाक बसल्यावर पैसे पुढं केलेत तर दुसरा उद्धार सुरू होतो. गोड बोलून मदत करणारा माणूस इथं संशयास्पद ठरतो. तो एक तर विमा विकत असतो, नाही तर निवडणुकीला उभा असतो.

आता पावसाचं घ्या. सह्याद्रीच्या कुशीतला हा पाऊस जूनमध्ये येतो आणि गणपतीपर्यंत ऊन कसं असतं तेच माणूस विसरतो. कपडे वाळत नाहीत. ते दोरीवर नांदतात. मध्येच अर्धा तास उघडीप दिली की सगळी आळी दोऱ्या अंगणात आणते आणि नेमकं तेव्हाच घरातलं माणूस बाहेर गेलेलं असतं. सर आली की शेजारच्या काकी चूल तशीच सोडून तुमच्या दोरीवरचे कपडे ओढून आणतात, चुलीच्या धगीला वाळवतात, घड्या घालतात आणि संध्याकाळी दारात आणून देतात. इथवर हे कुठल्याही सत्कारात सांगण्यासारखं आहे. पण घड्या घालताना त्यांनी तुमच्या बनियनची भोकं मोजलेली असतात. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानदार तुम्हाला स्वतःहून म्हणतो, "सर, बनियनचा नवा माल आलाय बघा." काकींना बोल लावायची सोय नाही, कारण परवा पुन्हा पाऊस आहे.

म्हशीचा प्रकार तर मी डोळ्यांनी पाहिला. आमच्या गल्लीतल्या एका वैनींना ऑपरेशनसाठी कोल्हापूरला न्यावं लागलं. घरात नवरा होता, पण तो तालुक्यात म्हशीच्या बाबतीत निकामी म्हणून प्रसिद्ध. दोन दिवस म्हशीनं पान्हा चोरला. डेअरीत दूध आलं नाही, आणि डेअरीत दूध आलं नाही ही बातमी कोल्हापूर जिल्ह्यात तारेच्या वेगानं जाते. ज्या जिल्ह्यानं 1963 साली 'गोकुळ' दूध संघ उभा केला, तिथं सकाळ-संध्याकाळची डेअरी हीच गावाची हजेरी. कोण आलं, कोण नाही आलं, कुणाची फॅट उतरली, म्हणजे कुणाच्या घरात काहीतरी बिनसलंय, हे काट्यावर बसलेल्या पोराला घरच्यांच्या आधी कळतं. तर तिसऱ्या दिवशी पहाटे पलीकडच्या दारचे आण्णा गोठ्यात शिरले. म्हशीनं लाथ उगारली. आण्णा बाहेर आले, वैनींची दोरीवरची जुनी लुगड्यासारखी साडी ओढली, धोतरावरून गुंडाळली, पदर डोक्यावरून घेतला आणि परत आत गेले. झुपकेदार मिशा पदराच्या काठातून बाहेर आलेल्या, तोंडानं म्हशीच्या सात पिढ्यांचा उद्धार चाललेला, पण आवाज बायकी काढलेला. म्हशीनं एकदा मान वळवून पाहिलं. तिला काय वाटलं असेल ते असो, तिनं पान्हा सोडला.

आठवडाभर आण्णा त्या साडीत होते. गल्लीतली पोरं मोबाइल घेऊन टपलेली. आण्णांनी एकाच्या पाठीत बादलीनं असा दणका घातला की पुढं कुणाचं धाडस झालं नाही. वैनी घरी आल्या तेव्हा आण्णांनी त्यांच्या हातात डेअरीच्या पावत्या ठेवल्या. सगळ्या वैनींच्या नावावर, एक वेळ चुकलेली नाही. वर म्हणाले, "फॅट बघ किती लागलीया. तुझ्या हातानं कवा लागली न्हाई." वैनींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिथल्या तिथं आटलं. त्या दिवसापासून दोघांचं फॅटवरून जे भांडण लागलंय ते अजून मिटलेलं नाही.

या भागातली दुसरी सार्वजनिक संस्था म्हणजे वडाप. बाहेरच्यांना जीप दिसते, ट्रॅक्स दिसते. आत किती माणसं बसतात हा प्रश्न गणिताचा नसून श्रद्धेचा आहे. पण माणसं हा वडापचा जोडधंदा. खरा धंदा निरोपांचा. दाजीपूरकडून येणारी वडाप राधानगरीत थांबली की ड्रायव्हर खिडकीतून एकेक ऐवज काढू लागतो. ब्लड प्रेशरच्या गोळ्यांची रिकामी पट्टी, म्हणजे दुकानदारानं हिच्यावरचं नाव वाचून तसलीच पट्टी द्यायची. मापाचा ब्लाऊज, सोबत तोंडी सूचना, "मागच्या टायमाला बाही घट्ट केलीस, आता केलीस तर परत पाठीवणार न्हाई, सोता येणार हाय म्हणून सांग." पायताणाचा एक जोड, अंगठा तुटलेला. फणस. शाळेचा दाखला. या सगळ्याला पावती नाही, नोंद नाही आणि काहीही हरवत नाही. हरवलं तर फक्त गुपित हरवतं, कारण बाहीचा निरोप ड्रायव्हरनं शिंप्याला सगळ्या स्टँडसमोर ओरडून सांगितलेला असतो.

एसटीतून जायचे ते डबे. कोल्हापुरात खोली घेऊन शिकणाऱ्या पोरांना आया सकाळच्या गाडीनं डबा पाठवायच्या, अजूनही काही पाठवतात. फडक्यात गच्च बांधलेला डबा, झाकणावर नेलपॉलिशनं लिहिलेलं नाव. पहाटे उठून भाकऱ्या थापायच्या, कोरड्यास करायचं, गाडी यायच्या आत तिकटीवर पळायचं. ठिकपुर्ली, परिते, हळदी असं करत गाडी कोल्हापुरात पोचेपर्यंत ड्रायव्हरच्या मागच्या जागेत डब्यांची उतरंड लागलेली असायची. कंडक्टरला वासावरून कळायचं कुणाकडं आज वांगं आहे. एखादं पोरगं डबा घ्यायला आलं नाही तर तो चौकशी करायचा आणि परतीच्या गाडीत आईला सांगायचा, "पोरगं उठलं न्हाई वाटतं आज. रातचं कुठं हुतं बघा." भाकरी पोचवणं आणि पोराची चुगली करणं ही कंडक्टरच्या लेखी एकच ड्यूटी होती. या डब्यांवर शिकून साहेब झालेली माणसं आज पुण्या-मुंबईत आहेत. त्यांच्यापैकी एकानं मला सांगितलं की वर्षभर तो दुसऱ्याच पोराचा डबा खात होता. नावं सारखी होती. दोघांच्याही आयांना हे ठाऊक होतं. त्यांनी बदल केला नाही, कारण ज्या घरी भाकरी बरी व्हायची तिथलं पोरगं अंगानं भरलेलं होतं आणि याला गरज होती.

आता कुणी म्हणेल, माणसं मनानं मोठी. असतीलही. पण मला त्यापेक्षा त्यांचा हिशोब मोठा वाटतो. जुलैत भाताची रोपलावण सुरू झाली की पैरा चालतो. आज चार बाया तुझ्या वाफ्यात, उद्या त्याच चार माझ्या. पैसा मध्ये येत नाही. कमरेत वाकून, डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन, गुडघाभर चिखलात दिवसभर रोप खोचायचं, आणि त्याची परतफेड तशाच चिखलात. हा हिशोब कुठल्याही वहीत नसतो, पण जिल्ह्यातल्या कुठल्याही सहकारी बँकेपेक्षा चोख असतो. "गेल्या साली तुझ्याकडं दीड दिस आलीया मी. तू आलीस एक. अर्धा दिस ऱ्हायलाय." हे वाक्य अकरा महिन्यांनी, तिसऱ्याच्या लग्नात, अक्षता टाकताना ऐकवलं जातं. जिला ऐकवलं ती नाकारत नाही. आजारी असेल तर सुनेला पाठवते, सून बाळंत असेल तर नवऱ्याला. नवरा मात्र अर्ध्या दिवसाला पाव दिवस धरतात.

इर्जिक याच्याही वरताण. एखाद्याचं काम अंगावर पडलं की सगळ्यांनी बैल, औतं घेऊन एका दिवसात त्याचं रान उलटायचं आणि त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. ट्रॅक्टर आल्यापासून बैल कमी झाले, इर्जिक कमी झाली, रश्शाची चव तेवढी म्हाताऱ्यांच्या तोंडात राहिली. म्हातारे सांगतात ती चव ऐकून मला शंका येते की काम कमी आणि जेवण जास्त व्हायचं. पण असं म्हणायची सोय नाही, ते लगेच पातेल्याचा घेर हातांनी दाखवतात.

या सगळ्या देण्याघेण्याचं चलन म्हणजे चहा. चहाला नको म्हणणं म्हणजे माणसाला नको म्हणणं. सकाळी तीन घरी कामं असली तर तिसऱ्या घरी पोचेपर्यंत तुमच्या पोटात नुसतं डबकं झालेलं असतं. "अर्धा कप" असं म्हणून उपयोग होत नाही, कारण अर्धा कप ही राधानगरीत बशीची सुरुवात आहे. पण चहाची थट्टा करताना मी जरा थांबतो. या गावाचं नाव ज्या राधाबाईंवरून पडलं त्या राजर्षी शाहू महाराजांच्या कन्या, आणि चहाचा कप किती जड असू शकतो हे शाहू महाराजांनी दाखवलं. त्यांच्या पागेत काम करणारे, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतले गंगाराम कांबळे यांनी पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, आणि कांबळ्यांना म्हटलं, स्वतःचा धंदा काढ. त्यांनी कोल्हापुरात 'सत्यसुधारक' नावाचं हॉटेल काढलं. कोण जाणार तिथं चहाला? मग महाराजांची गाडी त्या दाराशी थांबू लागली. महाराज स्वतः चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावत. बरोबरची मंडळी म्हणजे बड्या घरची. त्यांच्या घशाखाली तो चहा कसा उतरला असेल याची मी पुष्कळदा कल्पना करतो आणि दर वेळी खूश होतो. गावाचा चांगुलपणा, शेजारधर्म, पैरा, इर्जिक, हे सगळं त्या काळी होतंच की. फक्त त्याची हद्द कुठल्या गल्लीपाशी संपते हे सगळ्यांना पाठ होतं. अजूनही एखाद्या गावात ती हद्द पुसट दिसते. तिथं काकी कपडे ओढून आणतात का, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतो आणि गावालाही विचारतो. गाव अशा वेळी विषय बदलून पावसावर येतं.

आजारपणातला चांगुलपणा हा स्वतंत्र आजार आहे. कुणी कोल्हापूरच्या दवाखान्यात दाखल झालं की त्याला बघायला जाणं हे राधानगरीकराचं घटनादत्त कर्तव्य. एका गाडीतून जेवढे मावतील तेवढे जातात, प्रत्येकाच्या हातात शहाळं किंवा बिस्किटाचा पुडा. पेशंटला डॉक्टरांनी विश्रांती सांगितलेली असते. "झोपला हायसा व्हय?" असं विचारून त्याला उठवलं जातं. मग असाच आजार होऊन जे जे गेले त्यांची यादी. "पण त्याचं येगळं हुतं, त्याला साखर हुती." पेशंटला साखर असल्याचं आजच कळलेलं असतं. नर्स हाकलते तेव्हा सगळे बाहेर जिन्यात बसतात, निघत नाहीत. मी पूर्वी या गर्दीला वैतागायचो. मग एकदा रात्री अडीचला कुणाला तरी रक्ताची बाटली लागली, आणि जिन्यातल्या त्या बिस्किटवाल्यांतून मागितलेल्या गटाचे सहा दंड पुढं आले. सहाही जणांना एकच दंड पुरेसा आहे हे पटवताना नर्सच्या नाकी नऊ आले, कारण उरलेल्या पाचांना तो अपमान वाटत होता.

माणूस गेलाच, तर घरातली चूल पेटत नाही, आजूबाजूच्या चार घरांत मात्र एकदम पेटते. पिठलं-भाकरीच्या बुट्ट्या येतात. "खावा दोन घास, जाणारा काय परत येणार हाय?" हे सांत्वन ऐकायला कठोर आहे, पण त्यावर माणूस जेवतो हे खरं. आणि कोल्हापूरचा एक दानधर्म मला जगात दुसरीकडं कुठं सापडला नाही. महापालिका पंचगंगेच्या स्मशानात दहन मोफत करते, त्यासाठी लागतात शेणी. म्हणून होळीला तरुण मंडळं होळी लहान करतात आणि उरलेल्या शेणी ट्रॉलीत भरून स्मशानाला दान करतात. काहीजण वाढदिवसालाही करतात. केक कापून झाल्यावर वाढदिवसाचा मुलगा गुलालानं माखलेल्या दोस्तांबरोबर स्मशानात शेणी रचत उभा असतो आणि फोटोसाठी हसत असतो. परगावच्या माणसाला हे सांगितलं की तो घाबरतो. इथं ते कुणालाच चमत्कारिक वाटत नाही.

शेजारधर्म माणसांपुरता राहिला असता तरी निभलं असतं, पण इथं शेजारी गवे आहेत. 1958 साली दाजीपूरचं जंगल गव्यांसाठी राखलं गेलं, महाराष्ट्रातलं हे पहिलं अभयारण्य. गव्यांना ते कळलं, पण त्याची हद्द कळली नाही. ते उसात येतात, भातात येतात, खातात कमी आणि तुडवतात जास्त. शेतकरी त्यांना ज्या शिव्या घालतो त्या इथं छापता येणार नाहीत. पण तोच शेतकरी रात्री रस्त्याच्या कडेला बॅटरी हलवत उभा असतो. येणारी प्रत्येक गाडी थांबवतो. "हॉर्न वाजवू नका. लाईट बारीक करा. पलीकडं म्होरं कळप हाय, पिल्लू हाय त्यात. जाऊ द्या त्येस्नी." त्याच्या उसाचं वाटोळं करून कळप आरामात रस्ता ओलांडतो आणि हा त्यांचा ट्रॅफिक पोलीस. डिसेंबर 2020 मध्ये असाच एक गवा चुकून पुण्याच्या कोथरूडमध्ये शिरला. त्याच्यामागं शहर लागलं, पळून पळून तो मेला. ती बातमी आमच्या कट्ट्यावर वाचली गेली तेव्हा ज्याचा ऊस गेल्याच आठवड्यात झोपला होता तो म्हणाला, "हिकडं का न्हाई आला बिचारा." मे महिन्याच्या अखेरीला काजवे बघायला येणाऱ्या पर्यटकांनाही असंच सांभाळलं जातं. "लाईट बंद करा म्हटलं न्हवं! काजवं बघाय आलायसा का त्येस्नी तुमची गाडी दावाय?" असं अंधारातून कुणीतरी ओरडतं, आणि ओरडून झाल्यावर त्याच अंधारात तुमच्या आजीचा हात धरून तिला दगडांवरून पलीकडं नेतं.

आणि मग धरण. शाहू महाराजांनी भोगावती नदीवर ते बांधायला काढलं, पैसे संपले म्हणून काम मध्येच थांबलं, पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर. सात स्वयंचलित दरवाजे. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की आपोआप उघडतात, कुणी बटण दाबत नाही. गावातला प्रत्येक वक्ता माणुसकीवर बोलताना या दरवाजांची उपमा देतो. गणेशोत्सवात एका संध्याकाळी ती तीन जणांनी दिली. मी देणार नाही. दरवाजे उघडल्यावर गावात जे होतं ते मला उपमेपेक्षा जास्त आवडतं. एक दरवाजा म्हणजे 1428 क्युसेक. हा आकडा इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ असतो. दरवाजा उघडल्याची बातमी सरकारी यंत्रणा रीतसर देतेच. पण त्याच वेळी, पहाटेचे तीन असोत वा चार, राधानगरीतल्या घराघरांतून फोन सुरू होतात. खालच्या अंगाला, नदीकाठाला ज्यांच्या लेकी दिल्यात, आत्या दिल्यात, त्यांना. "सा नंबरचा उघडलाय. जनावरं हलवा." एवढंच. फोन बंद. त्या आत्या पुढच्या गावाला करतात, ते चिखली-आंबेवाडीला, आणि तिथं लोक उंचावरच्या सोनतळीला निघायची तयारी करतात. पाणी भोगावतीतून पंचगंगेत पोचायच्या कितीतरी आधी निरोप पोचलेला असतो.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी 43 फूट ही धोक्याची पातळी. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं. कोल्हापूरला रस्ते राहिले नाहीत, पेट्रोल राहिलं नाही. पाणी न आलेल्या गावांनी तेव्हा भाकऱ्या थापायला घेतल्या. प्रत्येक घरातून इतक्या, असं दवंडीसारखं फिरलं. बायकांनी त्यातही चुरस लावली. पातळ भाकरी पाठवणारीचं नाव गावात अजून घेतलं जातं. मदतीच्या ट्रकांतून लांबून जुन्या कपड्यांचे ढीगही आले, त्यात काय काय निघालं ते बघून पूरग्रस्तांना बऱ्याच दिवसांनी हसू फुटलं. भिजलेल्या घरातला चिखल काढताना झगमगीत शेरवानी घालून फावडं मारणारा एक आजोबा मला आठवतो. सुकं दुसरं काही नव्हतं. शेजारीण त्याला म्हणाली, "नवरदेव, जरा माज्या बी दारातला काढा."

या प्रेमाचा जाच होत नाही असं मी म्हणणार नाही. तरण्या पोरापोरींना विचारा. एसटीत दोघं एका बाकावर बसली की ती बातमी गाडीच्या आधी घरी येते. पास झालेल्याला पेढे मागतात, नापास झालेल्याच्या घरी समजूत काढायला त्यापेक्षा जास्त लोक येतात. नोकरी गेली, कर्ज थकलं, नवरा-बायकोचं बिनसलं, काही लपत नाही. एकट्यानं दुःखी व्हायची सोयच ठेवलेली नाही. दार लावून बसलात तर दार वाजवतात, "काय झालंय? बरं न्हाई व्हय?" काही झालेलं नाही म्हणालात तर खरंच काहीतरी झालंय अशी खात्री पटते आणि रात्री कुणीतरी ताट झाकून ठेवून जातं.

हे टाळायला म्हणूनच कोथरूडचं एक जोडपं इथं आलं होतं. म्हणजे शांततेसाठी. धरणाच्या अलीकडं जागा घेतली, टुमदार घर बांधलं आणि त्याभोवती पुरुषभर उंचीचं कंपाउंड घातलं. गावाला ते कंपाउंड बघून काळजी वाटली. ही माणसं कुणाला भितात? का काही रोग आहे? पहिल्याच आठवड्यात कंपाउंडवरून एक काकडीचा वेल, दोन नारळ आणि "हाय का कुणी?" अशी हाक आत आली. साहेबांनी 'कृपया आधी फोन करून यावे' अशी पाटी लावली. गावानं नंबर लिहून घेतला. पाटी लावली म्हणजे फोन करावा अशी त्यांची इच्छा असणार, म्हणून सगळ्यांनी केला. पहिल्या पावसाळ्यात त्यांची मोटार चढावर चिखलात रुतली. तिला बाहेर काढायला अख्खी आळी आली. ढकलताना "असली गाडी आणावी व्हय हिकडं" हे प्रत्येकानं स्वतंत्रपणे म्हटलं. मग बाईंना ताप आला, नळ फुटला, मांजर हरवलं, आणि दर वेळी गाव कंपाउंडला वळसा घालून आत आलं. साहेब शेवटी दमले आणि त्यांनी मागच्या बाजूची भिंत पाडून ये-जा करायला वाट ठेवली, निदान झेंडूची रोपं तरी वाचावीत म्हणून. परत पुण्याला निघाले तेव्हा डिकीत तांदळाचं पोतं, फणस आणि कुणाच्या तरी भाच्याच्या लग्नाची पत्रिका होती.

जुलैत एका पहाटे कोथरूडला चौथ्या मजल्यावर त्यांचा फोन वाजला. साहेब घाबरून उठले. पलीकडं आण्णा होते.

"पाव्हणं, सा नंबरचा उघडलाय. जनावरं हलवा."

साहेबांनी सांगायचा प्रयत्न केला की आपण पुण्यात आहोत, ही नदी वेगळी, शिवाय आपल्याकडं जनावरं नाहीत. आण्णांनी फोन ठेवूनही दिला होता, त्यांना अजून बऱ्याच जणांना करायचे होते. साहेब थोडा वेळ अंधारात बसले. मग उठले आणि बाल्कनीतल्या दोन कुंड्या आत घेतल्या.